चार कॅमेरे आणि तिसरी किल्ली

आमच्या ह्यांना बाहेरगावी जायचं म्हटलं की तोंड उतरतं. प्रताप नगरातलं हे घर ह्यांनी समोर उभं राहून बांधून घेतलं. भिंतींवर पाणी स्वतः मारलं, आणि वायरिंगला तर दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, कारण हे वीज खात्यातले. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं एकाच वेळी दोन दिवसांच्या वर घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आत ह्यांचा हात खिशातल्या किल्लीवर जातो. पंगतीत लोक जिलबी पुन्हा मागत असतात आणि हे मला डोळ्यांनीच ‘उठ’ म्हणतात. मग मी दुसरी जिलबी मुद्दाम सावकाश खाते.

लेक लग्न होऊन बंगलोरला गेली. पाच वर्षांत मी तिच्याकडे तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा एकटी. हे स्टेशनवर सोडायला यायचे, लोणच्याची बरणी आडवी होऊ देऊ नको म्हणून बजावायचे आणि गाडी हलायच्या आत घराकडे वळायचे. ‘घर कोण पाहीन?’ हा ह्यांचा प्रश्न ठरलेला होता. घराला काय पाहायचं असतं ते मला कधी कळलं नाही. ते कुठे जाणार आहे?

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर लेकीचा फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे आम्ही धरूनच चाललो होतो. मी मागची खोली रंगवून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करायला साफ मनाई केली. ‘आई, तूच ये,’ ती म्हणाली. मग थोडी थांबली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, ‘बाबा येतील का गं?’ उत्तर काय येणार ते माहीत असूनही विचारावं, तसा तो आवाज होता. ह्या वेळी ह्यांना घेतल्याशिवाय जायचं नाही, असं मी फोन ठेवता ठेवताच ठरवलं.

ह्यांनी पहिल्या दिवशी ‘येतो ना’ म्हटलं आणि पंख्याकडे पाहिलं. तो ‘येतो ना’ मी ओळखून आहे. त्यात आमच्या मागच्या गल्लीत एक बंद घर फुटलं. ती मंडळी लग्नाला गेली होती. चोरांनी कपाट तर फोडलंच, पण पाणी तापवायचा पितळेचा गंजही नेला. हे तिथे जाऊन तुटलेलं कुलूप दोनदा पाहून आले आणि जेवायला बसताना म्हणाले, ‘तू जा. मी नाही येत.’

मी ताटात भाजी वाढली. एवढ्या वर्षांच्या संसारात एवढं कळलं आहे की ह्यांच्याशी जेवताना वाद घातला तर वादही वाया जातो आणि भाजीही.

तोडगा लेकीनेच काढला. ‘बाबा, कॅमेरे लावा. राउटरला जोडले की इथे बसून तुम्हाला गेट दिसेल.’

‘तिथून? बंगलोरवरून?’

‘हो.’

‘अन् मागचं अंगण?’

‘तेही.’

हे खुर्चीत सरळ होऊन बसले. दोन दिवसांनी कॅमेरे लावायला एक बाई आली. पस्तिशीची असेल, स्कूटरवर मागे शिडी बांधलेली. मूळची उमरेडची, विणकरांच्या घरची. वडिलांच्या मागावर लहानपणी सुताचे तुटलेले धागे जोडायचं काम तिच्याकडे होतं, म्हणाली. वायरींचा गुंता तिने ज्या शांतपणे सोडवला ते पाहून मला ते लगेच पटलं. ह्यांना मात्र तिच्या प्रत्येक भोकाबद्दल शंका होती. ती ड्रिल मशीन भिंतीला लावायची आणि हे खालून ओरडायचे, ‘तिथं नको! तिथून वायर गेली आहे माझी!’

चार कॅमेरे लागले. एक गेटवर, एक पोर्चमध्ये, एक मागच्या अंगणात, एक बाजूच्या बोळीत. सगळ्यांच्या वायरी हॉलमधल्या एका डब्यात आल्या. त्या डब्यात चित्रं साठतात. डब्यातून एक वायर राउटरला गेली. इथपर्यंत ह्यांना सगळं मान्य होतं, कारण इथपर्यंत वायर डोळ्यांना दिसत होती. पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून ह्यांची पंचाईत झाली.

‘मग राउटरमधून बंगलोरले कसं जाते?’

‘इंटरनेटवरून, काका.’

‘ते समजलं. पण जाते कसं?’

ती हसली. तिने राउटरची सेटिंग उघडली, बाहेरून पाहायला कशी वाट करून द्यावी लागते ते दाखवलं, डब्यावरचा चौकोनी क्यूआर कोड ह्यांच्या फोनने टिपला आणि पासवर्ड टाकायला सांगितला. ह्यांनी आम्हा दोघींना पाठ फिरवायला लावून पासवर्ड टाकला आणि मग दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवला. निघताना ती म्हणाली, ‘काका, एकच ध्यानात ठेवा. राउटर बंद झालं की सगळं बंद. त्याले चोवीस तास लाइट पाहिजे.’

‘लाइटचं मले नको शिकवू, बाई,’ हे म्हणाले. ‘अख्खी नोकरी त्याच्यात गेली माझी.’ आणि त्यांनी राउटर आणि तो डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घेऊन दाखवले. तिने मान डोलावली, शिडी बांधली आणि गेली.

मग हे चौकापर्यंत चालत गेले. घरचं वायफाय पोचणार नाही इतक्या लांब जाऊन पाहायचं होतं. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. ‘अवं, तू पोर्चमध्ये उभी आहे. हातात सूप आहे. दिसून राहिली!’ एवढा आनंद मी ह्यांच्या आवाजात लेकीच्या जन्माच्या वेळी ऐकला होता. मी सूप हलवून दाखवलं. ‘हललं!’ हे ओरडले. चौकातल्या चहावाल्याने तो आनंद पाहून ह्यांना फुकट चहा पाजला म्हणे.

त्यानंतरचे आठ दिवस मी कैद्यासारखे काढले. हे भाजी आणायला गेले की तिथून फोन: गेटची कडी लागली नाही. दाढी करायला गेले की तिथून फोन: कुंडीत पाणी जास्त झालं. मी एकदा कॅमेऱ्याकडे पाहून जीभ काढली. तर संध्याकाळपर्यंत रुसून होते.

खरी माशी शिंकली ती शेजारी. आमच्या भिंतीला लागून राहणारे भाऊजी मूळचे नरखेड तालुक्यातले. शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. गावी संत्र्याचा बगीचा अजून आहे, त्यामुळे हिवाळ्यात आमच्या घरी संत्री विकत येत नाहीत. उन्हाळ्यात त्यांची आंघोळ अंगणातल्या नळाखाली असते, आणि ती गुपचूप होत नाही. अंगावर पाणी पडलं की ते देवाची सगळी नावं घेतात. आमचा बोळीतला कॅमेरा नेमका त्यांच्या नळापर्यंत पाहत होता.

एक दिवस ते कमरेला ओला पंचा गुंडाळून भिंतीशी आले. ‘काहून जी, तुम्ही मले बंगलोरले दाखवून राहिले का?’

हे चिडले. चूक आपली असली की हे आधी चिडतात. ‘तुमची आंघोळ पाहाले मी कॅमेरा लावला का? मोरीत करा ना आंघोळ!’

‘तीस वर्षं झाली मी इथंच आंघोळ करतो. तुमचं घर नव्हतं तवापासून.’

कॅमेरा ह्यांनी त्याच दुपारी वळवला. पण माफी मागितली नाही, आणि भाऊजींनी हाक मारली नाही. रोज सकाळी भिंतीवरून पेपरची अदलाबदल व्हायची, ती बंद झाली. त्यांच्या घरच्या ताई आणि मी, आम्ही बायका मात्र मागच्या दाराने होतो तशाच होतो. त्यांचं भांडण त्यांनी पोसावं, आमच्याकडे वेळ नव्हता. कुरडया घालायच्या होत्या.

बंगलोरची तिकिटं निघाली. दोन. ती दोन तिकिटं मी इतक्यांदा पाहिली की कागद मऊ पडला.

निघायच्या दिवशी दुपारी ह्यांनी घर बंद करायला घेतलं. घर बंद करणं हे आमच्याकडे एक मोठं काम आहे, त्यात मी लुडबुड करत नाही. गॅस बंद, पाण्याचा कॉक बंद, कूलरचं पाणी काढलेलं. खिडक्यांच्या कड्या दोनदा. दाराला कुलूप, मग ते तीनदा ओढून पाहणं. ऑटोत बसल्यावर हे एवढे समाधानी दिसत होते की मला ह्यांचा फोटो काढावासा वाटला. ‘आता मस्त गाडीत बसून घर पाहू,’ हे म्हणाले.

गाडी सुटली. ह्यांनी चष्मा पुसला, फोन उघडला आणि पुन्हा चष्मा पुसला. चारही चौकोन काळे. खाली लिहिलेलं: ऑफलाइन.

आधी दोष मोबाइलच्या नेटवर्कचा निघाला. मग केबलवाल्याचा. मग त्या उमरेडच्या बाईचा. हिने काम कच्चं केलं, मी तेव्हाच म्हणत होतो, असं बोलत ह्यांनी तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक गोष्ट विचारली. ‘काका, घरी लाइट आहे ना?’

ह्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

झालं असं होतं की निघता निघता ह्यांनी मेन स्विच खाली पाडला होता. बाहेरगावी निघालं की मेन खाली, हा ह्यांचा नियम. गल्लीतल्या एकूण एक घराला ह्यांनी तो शिकवलेला. आणि बॅटरी उगाच उतरू नये म्हणून इन्व्हर्टरसुद्धा बंद केला होता. ज्या राउटरसाठी पंधरा दिवस एवढं रामायण झालं, त्याची वीज ह्यांनी स्वतःच्या हाताने तोडली होती, आणि वर समाधानाने ऑटोत बसले होते.

मला हसू आवरेना. समोरच्या बर्थवरच्या बाईने मला पाण्याची बाटली पुढे केली. पण हे वाकले, सीटखालची आपली बॅग ओढली आणि मांडीवर घेऊन बसले, तेव्हा माझं हसू जागच्या जागी थांबलं.

‘सेवाग्रामले उतरतो,’ हे म्हणाले. ‘तू हो पुढे. मी चालू करून येतो दोन दिवसांत.’

दोन दिवसांत येणार नाहीत हे मला माहीत होतं. ह्यांनाही माहीत होतं. घरी गेले की पुन्हा कुलूप लावायला ह्यांचा हात धजला नसता. मला त्या क्षणी ह्यांचा जो राग आला तसा संसारात कधी आला नव्हता. लेक पोटुशी, पाच वर्षं बापाची वाट पाहणारी, आणि हा माणूस एका बटणासाठी परत निघाला होता. मला रडूही येत होतं आणि ह्यांच्या हातातली बॅग खिडकीबाहेर टाकावीशीही वाटत होती. गाडीने बुटीबोरी मागे टाकलं.

मग मी जे बोलणार नव्हते ते बोलले. ‘किल्ली आहे शेजारी.’

‘कोणती किल्ली?’

‘घराची. गेटची अन् दाराची.’

‘किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याजवळ, एक तुझ्याजवळ.’

‘तिसरी आहे. ताईच्या स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यामागच्या खिळ्यावर.’

‘कवापासून?’

‘तेवीस वर्षं झाली.’

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. लेक शाळेत जायला लागली तेव्हा मी ती किल्ली करवून शेजारी ठेवली होती. आपल्याला यायला उशीर झाला तर पोरगी दारात उभी राहू नये म्हणून. ती कितीदा त्या किल्लीने घरात शिरली, शेजारच्या ताईंनी तिला कितीदा आमच्याच स्वयंपाकघरात वाढलं, ह्यांना पत्ता नव्हता. ‘अन् मले सांगितलं नाही?’ हे म्हणाले.

‘सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप बदललं असतं.’

ह्यांनी खिशातली आपली किल्ली चाचपली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘मग लाव ना ताईले फोन.’

मी माझा फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. ‘मी नाही लावत. तुम्ही भाऊजीले लावा.’

दुष्टपणा होता, कबूल करते. पण मला दिसत होतं की मी फोन केला तर घर पुन्हा उजळेल, आणि ह्यांच्या मनातलं काहीच हलणार नाही. हे खिडकीबाहेर पाहत बसले. सिंदी स्टेशन आलं आणि गेलं. बॅग मांडीवरच होती. मग ह्यांनी घसा साफ केला आणि फोन लावला. ह्यांच्या फोनचा आवाज नेहमी मोठा असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

‘हां, बोला जी.’

‘ते... कसं आहे, मेन बंद राहिला.’

‘कोणाचा?’

‘माझा.’

‘तुमच्या घरचा मेन? तुम्ही बंद केला? अन् कॅमेरे?’

‘तेही बंद.’ मग हे एका दमात म्हणाले, ‘चुकलंच माझं. तेव्हाही चुकलं, आताही चुकलं. तुमच्या घरी किल्ली आहे म्हणते ही.’

मला वाटलं, भाऊजी आता खो खो हसणार. ते हसले नाहीत. ‘जातो,’ म्हणाले. ‘कपडे घालून जातो. कॅमेऱ्यात दिसाचं आहे ना.’

हे पहिल्यांदा हसले, पण बॅग सोडली नाही. सेवाग्राम आलं. लोक उतरू लागले. ह्यांचा एक पाय वाटेत होता. तिकडून आवाज येत होता: दार उघडलं, मेन वर केला, इन्व्हर्टर चालू केला. राउटरचा लाल दिवा लागला. ‘हिरवा व्हाले वेळ लागते त्याले,’ हे सांगत होते, ‘थोडं थांबा.’ फलाटावर चहावाला ओरडत होता. मी ह्यांच्या पायाकडे पाहत होते. देवाला नवस बोलायचा तर कोणता, हेसुद्धा मला सुचेना.

हॉलमधला कॅमेऱ्यांचा डबा तिकडे पिप करून वाजला, तो आवाज फोनवरून आला. आणि ह्यांच्या हातातल्या फोनवर आधी राखाडी, मग हळूहळू आमचा पोर्च उमटला. पोर्चमध्ये भाऊजी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ते कॅमेरा समजून ट्यूबलाइटकडे पाहत हात हलवत होते.

‘दिसून राहिलो का गा?’

‘दिसून राहिले,’ हे म्हणाले. ‘उजवीकडे पाहा. वर. हां, आता पाहा.’ भाऊजींनी वर पाहिलं. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, निदान ह्यांना तरी तसं वाटलं असावं. गाडी हलली. ह्यांनी पाय आत घेतला आणि बॅग सीटखाली सरकवली. मी जेवणाचा डबा उघडला आणि आम्हा दोघांना पुऱ्या वाढल्या.

बंगलोरला लेकीने दार उघडलं. माझ्या मागे हे उभे होते. तिने ह्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि ती छातीशी धरून तशीच उभी राहिली. ‘जिना फार उभा आहे तुमचा,’ हे म्हणाले.

पुढे रोज संध्याकाळी हे फोनवर घर पाहायचे. भाऊजी तुळशीला पाणी घालायचे, आणि मग आमच्या पोर्चमधल्या खुर्चीत तासभर पेपर वाचत बसायचे. कोणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. हे एकदा विचारते झाले, ‘कायले बसता उगाच? कॅमेरे आहेत ना.’ ते म्हणाले, ‘तुमच्या घरी हवा चांगली येते.’

नात झाली. लेकीच्या घरी आणली त्या दिवशी सकाळी ती ह्यांच्या दोन्ही हातांत झोपली होती. हे भिंतीला टेकून, श्वासही जपून घेत बसले होते. टेबलावरचा फोन वाजला: गेटवर हालचाल. मी ह्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा वाजला. हे जागचे हलले नाहीत.

‘पाहा ना कोण आहे,’ मी म्हटलं.

‘कोण राहीन? तेच असतील,’ हे म्हणाले. नजर बाळावरून काढली नाही.

मग मीच फोन उघडला. आमच्या कुलूप लावलेल्या दाराशी भाऊजी स्टुलावर चढले होते, ताईंनी खालून स्टूल धरलं होतं, आणि ते चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते. घरात कोणी नव्हतं. नात हजार किलोमीटरवर होती. तरी ते बांधत होते, आमच्या घरी बाळ झालं म्हणून.

मी फोन ह्यांच्या समोर धरला. हे बराच वेळ पाहत राहिले. हात बाळात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

‘डावीकडची गाठ कच्ची मारून राहिला,’ हे म्हणाले. ‘फोन लाव त्याले.’